बसलेले, डावीकडून

घरातलं माणूस गेलं की पहिल्या तासाभरातच एक शोधाशोध सुरू होते. पेपरातल्या निधनवार्तेला, तेराव्याला पाटावर ठेवायला, पुढे भिंतीवर लावायला फोटो हवा असतो आणि नेमका तोच सापडत नाही. मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, पण त्यांत केक असतो, नातू असतो आणि कडेला अर्धे कापले गेलेले आजोबा असतात. मग कुठल्याशा लग्नाच्या अल्बमातून, पंगतीला बसलेल्या आजोबांचा चेहरा कापून मोठा केला जातो. शेजारच्याचा खांदा त्यात राहतोच. लॅबवाला तो पुसून मागे निळा पडदा टाकतो आणि सांगितलं तर आजोबांना कोटही चढवून देतो.

सगळ्या कुटुंबाचा एक फोटो ठरवून, वेळ काढून काढला तर ही पाळी येत नाही. आपल्याकडे त्यासाठी निमित्तं भरपूर आहेत: साठीशांत, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने. एवढ्या वयाच्या माणसाच्या कौतुकाला नाशिक, बेळगाव, बंगळुरू आणि न्यू जर्सीची मंडळी एका छपराखाली येतात. अशा कार्याला गुरुजी, कॅटरर आणि हॉल दोन-तीन महिने आधी ठरतात. फोटोचं मात्र ‘जेवणं झाली की सगळे एकदा उभे राहू’ एवढ्यावर सोडलेलं असतं. जेवणं होईपर्यंत बाळ झोपलेलं असतं, आजी आडवी झालेली असते आणि सांगलीचे काका चारची बस गाठायला निघालेले असतात.

असा फोटो चांगला यायचा तर काही निर्णय आधी घ्यावे लागतात, आणि ते घेताना एकच कसोटी पुरते: घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणसाला काय सोयीचं आहे? बाकीचे तरुण, धडधाकट असतात. ते कुठेही, केव्हाही उभे राहू शकतात.

लोखंडी टेकणापासून आजपर्यंत

फोटोचा इतिहास एका अर्थी माणसाच्या स्थिर बसण्याचा इतिहास आहे. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरोटाइपची प्रक्रिया जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं, पण सुरुवातीला त्याला काही मिनिटं लागायची. एवढा वेळ माणूस हलायचं थांबत नाही, म्हणून स्टुडिओत पाठीमागे लोखंडी टेकण उभं करून मान चिमट्यात धरत. १८५१ मध्ये आलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचेने हा वेळ काही सेकंदांवर आणला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५४ मध्ये, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले जाणते छायाचित्रकार. पुढे १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि दशकभरात तयार काचा बाजारात मिळू लागल्या. फोटोला लागणारा वेळ सेकंदाच्याही आत आला.

जुन्या फोटोंतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा इथे होतो. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात, तिपाईवर टेकलेलं कोपर, मांडीवर घट्ट धरलेल्या मुठी ही ऐट होतीच, पण हात थरथरू नये म्हणून दिलेला आधारही होता. गरज संपल्यावरही रिवाज टिकला. आजही ‘फोटो काढतोय’ म्हटलं की आपले आजोबा ताठ होतात, हात मांडीवर येतात आणि ओठ मिटतात.

लाला दीनदयाळ यांच्या कामातली एक गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. निजामाच्या दरबाराचे हे छायाचित्रकार. पुढे त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ सुरू केला आणि तिथलं काम एका इंग्रज बाईंकडे सोपवलं. ज्यांना स्टुडिओच्या रीतीने येता येत नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी स्टुडिओची रीत बदलली. आज कॅमेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात फोटो घेतो, त्यामुळे यंत्राची अट अशी उरलीच नाही. आता अटी घालतात त्या बाळाची झोप, आजोबांचे गुडघे आणि डोळ्यांवर येणारं ऊन.

वेळ कोणती

कार्याच्या दिवशी विधी झाल्यावर फोटो काढायचा, ही आपली सवय. पण होमाच्या धुराने डोळे लाल झालेले असतात, रेशमी कपड्यांना घाम आणि हळद लागलेली असते, आणि ज्यांचं कार्य आहे ते दोघं पहाटेपासून पाटावर बसून आंबलेले असतात. त्यापेक्षा आदली संध्याकाळ चांगली. पाहुणे आलेले असतात, कपडे कडक असतात, घाई नसते. ते जमणार नसेल तर सकाळी पूजेला बसण्याआधीचा अर्धा तास राखून ठेवावा आणि तो गुरुजींनाही सांगून ठेवावा.

उजेडाचं गणितही संध्याकाळच्याच बाजूने आहे. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं तेव्हा भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली गडद सावल्या येतात. वयस्कर चेहऱ्यावर त्या जास्तच कठोर दिसतात. मावळतीच्या आधीच्या तासात ऊन तिरपं येतं आणि हवेच्या जास्त जाड थरातून आल्यामुळे मऊ आणि पिवळसर होतं. मुंबई-पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मे महिन्यात सातनंतर. म्हणजे हिवाळ्यात पाच ते सहा आणि उन्हाळ्यात सहा ते सात. योगायोगाने पाचच्या सुमाराला आजोबांची वामकुक्षी आणि चहा झालेला असतो, बाळही दुपारची झोप काढून, दूध पिऊन ताजं असतं. बाळाची झोप या वेळेत येत असेल तर मात्र सरळ बाळाच्या बाजूने निकाल द्यावा. उजेड कमी-जास्त झाला तर सावरता येतो, झोपमोड झालेलं मूल सावरत नाही.

पावसाळा बाद करू नये. ढगाळ आकाश म्हणजे डोक्यावर पसरलेला एक भला मोठा मऊ दिवाच असतो. त्यात सावल्या पुसट होतात आणि कुणाचे डोळे बारीक होत नाहीत. सर थांबल्याबरोबर बाहेर पडता यावं, एवढी तयारी मात्र हवी.

जागा आणि उजेड

बागेत जायचं, किल्ल्यावर जायचं, समुद्रावर जायचं, असे बेत तरुण मंडळी आखतात. आपली कसोटी लावली की यादी लवकर आटोपते: गाडी जवळ जाते का, बसायला खुर्ची आहे का, स्वच्छतागृह जवळ आहे का, बाळाला घेऊन आडोशाला बसता येईल का? बहुतेक वेळा उत्तर ‘घर’ असंच येतं. गावच्या घराला पडवी किंवा ओटा असेल तर त्यासारखी जागा नाही. वर छप्पर असल्याने डोक्यावरचा उजेड अडतो, समोरच्या अंगणातून तो थेट चेहऱ्यावर येतो आणि मागचं माजघर अंधारात राहिल्याने माणसं उठून दिसतात. पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओत दिवे आणि पडदे लावून जे साधतात, ते पडवीत आयतं मिळतं.

शहरातल्या फ्लॅटमध्ये सर्वांत मोठी खिडकी किंवा बाल्कनीचं दार शोधावं आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करावेत. दिवसाचा उजेड सुमारे ५,५०० केल्विनचा, निळसर-पांढरा. घरातला पिवळा दिवा २,७०० ते ३,००० केल्विनचा. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू निळी आणि एक नारिंगी दिसते, आणि ते नंतर सुधारणं कटकटीचं असतं. एकट्या माणसाला खिडकीच्या कडेला बसवलं तर छान वाटतं. दहा माणसांना मात्र खिडकीकडे तोंड करून उभं करावं. ती कडेला राहिली तर खिडकीजवळची सून लख्ख आणि दुसऱ्या टोकाचा जावई काळोखात, असं होतं, कारण खिडकीपासून दूर जावं तसा उजेड झपाट्याने कमी होतो.

समुद्राचा हट्टच असेल तर दिशा समजून घ्यावी. कोकणात आणि गोव्यात समुद्र पश्चिमेला. समुद्र पाठीशी घेऊन संध्याकाळी उभं राहिलं की सूर्य पाठीमागे येतो आणि चेहरे काळवंडतात. फ्लॅश किंवा रिफ्लेक्टर नसेल तर सूर्य बुडेपर्यंत थांबावं. बुडाल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं आकाशाचा उजेड सारखा पसरतो आणि चेहरेही दिसतात, समुद्रही. वाळूत खुर्चीचे पाय रुततात, म्हणून खाली फळी टाकावी. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वाड्यात किंवा किल्ल्यात ट्रायपॉड आणि दिवे न्यायला आधी परवानगी लागते. ती नसली की फाटकावरच हुज्जत होते आणि सगळ्यांचे चेहरे तिथेच उतरतात.

दुपारी तीनला ठरलेल्या जागी मोबाइलवर एक फोटो काढून पाहावा. डोळ्यांना सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी फोटोत लगेच दिसतात: देवाच्या कॅलेंडरवरची दुकानाची जाहिरात, चार्जरची वायर, चपलांचा स्टँड, डोक्यातून उगवल्यासारखा खांब. त्या हलवाव्यात. झोपाळा, आजोबांची वेताची खुर्ची, आजीची तुळस यांना मात्र हात लावू नये. त्या घरच्या आहेत आणि वीस वर्षांनी फोटो बघताना चेहऱ्यांइतक्याच त्याही शोधल्या जातील. हिरवळीवर उभं राहायचं तर गवताचा रंग हनुवटीखाली हिरवट उमटतो, हे लक्षात असू द्यावं. तसाच भडक लाल सदरा शेजारच्याच्या गालावर उतरतो.

आजीची साडी आधी

सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायची पद्धत मध्यंतरी फार बोकाळली. पांढरा टी-शर्ट आणि निळी जीन्स घातलेले चौदा जण हे कुटुंब आहे की कंपनीची सहल, हे कळत नाही. त्याऐवजी सुरुवात आजीपासून करावी. ती कोणती साडी नेसणार ते तिलाच ठरवू द्यावं. नवी नेसायला तिला अवघड वाटत असेल तर तिची सवयीची, अंगाला बसलेली साडीच घ्यावी. मग तिच्या साडीतले आणि काठातले तीन-चार रंग घेऊन बाकीच्यांचे कपडे ठरवावेत. जांभळी साडी आणि मोरपंखी काठ असेल तर कुणी मोरपंखी, कुणी राखाडी, कुणी फिकट मोतिया. रंगांची एकमेकांशी सोयरीक जमली की पुरे.

काही कपडे कॅमेऱ्याला मानवत नाहीत. बारीक उभ्या रेषांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखे विचित्र पट्टे दाखवतो. कापडाच्या रेघा आणि सेन्सरवरच्या बिंदूंच्या ओळी एकमेकींवर चढल्यामुळे ते उमटतात. त्याला मॉयरे म्हणतात. अगदी भडक लाल रंगाच्या चुण्या सपाट होतात. छातीवर मोठी अक्षरं असली की बघणारा आधी तीच वाचतो. पैठणीचा प्रश्न वेगळा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने ती बघण्याच्या कोनाप्रमाणे रंग बदलते, आणि जर थेट फ्लॅशमध्ये पांढरी फटफटीत होते. बाजूने येणारा मऊ उजेड मिळाला तर पदरावरचा मोर जसा विणलाय तसा दिसतो.

उभं कुठे राहायचं हेही साडी आणि दागिने सांगतात. पदर डाव्या खांद्यावर असतो आणि आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत. ग्रुपच्या टोकाला उभं राहिलेलं माणूस साहजिकच मधोमध असलेल्यांकडे किंचित वळतं. फोटोत उजव्या हाताला दिसणारी बाई अशी वळली की तिची डावी बाजू कॅमेऱ्यापुढे येते आणि नथ, पदर, काठ सगळं दिसतं. तीच बाई दुसऱ्या टोकाला उभी राहिली तर नथ नाकाआड जाते. नवऱ्याच्या डाव्या हाताला बायको उभी राहिली की हे आपोआप जमून येतं.

केस कापायचे तर चार-सहा दिवस आधी. त्याच दिवशी कापलेले केस कापलेले दिसतात. फेशियल आणि थ्रेडिंग आदल्या दिवशी नको, लाली राहते. झिंक किंवा टायटॅनियम असलेलं सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका करतं. मुलांचे नवे कपडे एकदा धुऊन, तासभर घालून बघावेत. टोचणारी कॉलर आणि चावणारा बूट यांनी जेवढे फोटो बिघडवलेत तेवढे कमी उजेडाने बिघडवले नसतील. पुरुषांच्या खिशातले मोबाइल, किल्ल्या आणि पाकीट एका पिशवीत जमा करावं आणि ती पिशवी एकाने सांभाळावी.

आजोबा रोज चष्मा लावत असतील तर फोटोतही चष्मा हवाच. त्याशिवाय नातवंडांना ते ओळखूच येणार नाहीत. काचेवर चमक येत असेल तर काड्या कानावरून किंचित वर उचलाव्यात, काचा तेवढ्यानेच खाली झुकतात आणि चमक निघून जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा मात्र फसवतात. त्या सूर्याच्या अतिनील किरणांनी गडद होतात, त्यामुळे सावलीत उभं राहिलं तरी डोळे दिसेनासे होतात. साध्या काचांचा जुना चष्मा असेल तर तो शोधून ठेवावा. कवळी, कानातलं यंत्र, काठी याविषयी ‘काढा’ असं कुणी परस्पर सांगू नये. ज्याचं त्याने ठरवावं.

कोण कुठे

आजी-आजोबांसाठी सोफा टाळावा. त्यात माणूस खोल बसतं, गुडघे वर येतात, साडी गोळा होते आणि उठताना दोघांना हात द्यावा लागतो. कडक बैठकीच्या, हात असलेल्या साध्या खुर्च्या उत्तम. त्या आधी मधोमध मांडाव्यात आणि त्यांच्याभोवती बाकीचे उभे करावेत. सगळी मंडळी नीट लागल्यावर, अगदी शेवटी, आजी-आजोबांना आणून बसवावं. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं: ते दोघं पंधरा मिनिटं बसून राहतात आणि बाकीचे ‘तू इकडे ये, मी तिकडे जातो’ करत असतात. तान्हं बाळही शेवटीच आणावं.

दोन रांगा असतील तर त्यांच्यातलं अंतर कमी ठेवावं. लेन्स एका ठरावीक खोलीपुरतंच स्पष्ट दाखवते. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन तीन मीटरवरून फोटो काढला तर एफ २.८ वर ही खोली साधारण ६० सेंटिमीटर असते, एफ ८ वर ती पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. कुणी फोटोग्राफर मागची पार्श्वभूमी धूसर करायच्या नादात पहिला आकडा वापरत असेल तर मागच्या रांगेतल्या आत्याही धूसर होतात. डोकी एका सरळ रेषेत आणू नयेत. एखादा बसलेला, एखादा खुर्चीच्या हातावर टेकलेला, पोरं खाली मांडी घालून, असे चेहरे वर-खाली झाले की नजर फिरत राहते. माणसांमध्ये हवा जाऊ देऊ नये. डोळ्यांना जेवढी फट दिसते, फोटोत ती त्याहून मोठी वाटते.

तिघांचा फोटो काढू नये, असं म्हणणारं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं. वाद घालू नये. रचनेच्या दृष्टीने तिघांचा त्रिकोण फार छान जमतो, पण मावशीच्या मनाला लागणार असेल तर चौथ्या नातवाला मध्ये बसवावं, आणि हळूच एक तिघांचाही काढून ठेवावा.

कोण कोणाबरोबर, याची यादी मात्र कागदावर हवी. सगळे मिळून, आजी-आजोबा आणि नातवंडं, आजी-आजोबा आणि त्यांची मुलं, सुना-जावई धरून, प्रत्येक बिऱ्हाड वेगळं, भावंडं, आजी-आजोबा दोघंच, आणि शेवटी प्रत्येक ज्येष्ठाचा एकट्याचा. हा शेवटचा फोटो यादीत नसला की राहूनच जातो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या शोधाशोधीत नेमका तोच हवा असतो. एका जुळणीला चार-पाच मिनिटं धरली तर दहा जुळण्यांना पाऊण तास लागतो. लहान आणि वयस्कर ज्यांत आहेत ते फोटो आधी उरकून त्यांना मोकळं करावं. यादी करताना अवघड प्रश्नही निघतात: लग्न ठरलेली पण न झालेली मुलगी, विभक्त झालेला जावई, तीस वर्षं घर सांभाळलेल्या मावशी. हे आधी, घरच्या घरी, हळू आवाजात सोडवावेत. कॅमेऱ्यासमोर उभं राहून ‘तुम्ही जरा बाजूला व्हा’ असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये.

उघडे डोळे आणि खरं हसू

ग्रुप फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, त्यामुळे माणसं वाढली की सगळ्यांचे डोळे एकाच क्षणी उघडे असण्याची शक्यता झपाट्याने घटते. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं आणि त्यांना २००६ चं गणितातलं इग नोबेल मिळालं. हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिला जाणारा हा पुरस्कार. त्यांचा ठोकताळा वीसपेक्षा कमी माणसांसाठी सोपा आहे: उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी असेल तर दोनने. जेवढं उत्तर, तेवढे फोटो काढा. बारा जण पडवीत असतील तर चार, आणि संध्याकाळ कलली असेल तर सहा. मुलं हलणार, म्हणून त्यावर आणखी चार काढावेत. ‘एकच काढ, पुरे झालं’ म्हणणाऱ्या काकांना हे गणित ऐकवता येईल.

हसण्याचा शास्त्रीय अभ्यासही जुना आहे. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी १८६२ मध्ये दाखवलं की ओठांचे कोपरे हवे तेव्हा उचलता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदातच आवळतो. म्हणून ‘स्माइल’ असं ओरडलं की दात दिसतात आणि डोळे तसेच राहतात. घरातला जो कोणी नकला करतो, टोमणे मारतो, त्याला कॅमेऱ्यामागे उभं करावं. त्याने आजोबांच्या पहिल्या स्कूटरची गोष्ट काढली की काम होतं. फोटो त्या हशाच्या ऐन भरात घेऊ नये, तो ओसरत असताना घ्यावा. तोंडं मिटत आलेली असतात आणि डोळ्यांत हसू अजून शिल्लक असतं.

बाळाचं लक्ष वेधायला एकानेच, तेही थेट कॅमेऱ्यामागूनच आवाज द्यावा. चार आत्या चार दिशांनी टाळ्या वाजवू लागल्या की बाळ भलतीकडे बघतं. आई-वडिलांना वेगळी सूचना द्यावी: बाळाकडे बघू नका, फक्त कॅमेऱ्याकडे. एरवी बाळ गोड हसतं त्या एकमेव फोटोत आई खाली वाकून त्याचा सदरा नीट करत असते.

फोटोग्राफर बोलवायचा नसेल तर मोबाइलनेही भागतं. त्याची मुख्य लेन्स रुंद असते आणि फोटोच्या कडेला असलेल्यांचे चेहरे आणि दंड ताणते. चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम लावावा आणि दोन्ही कडांना मोकळी जागा सोडावी. पोर्ट्रेट मोड ग्रुपसाठी बंद ठेवावा, तो मागच्या रांगेला पार्श्वभूमी समजू शकतो. मोबाइल ट्रायपॉडवर, टायमर दहा सेकंदांवर, आणि काढणाऱ्याची जागा आधीच राखून ठेवलेली. नाहीतर दर घरात फोटो काढणारा एक जण असतो आणि त्याचाच फोटो कुठे नसतो.

फोटोनंतरचं आधीच ठरवा

फोटोग्राफरला ॲडव्हान्स देतानाच काही गोष्टी बोलून घ्याव्यात: किती फोटो एडिट करून मिळणार, मूळ मोठ्या फाइली मिळणार का, किती दिवसांत, आणि मुलांचे फोटो तो आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकणार का. नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं. रिटचिंगचा एक समंजस नियम आहे: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, म्हणजे पुटकुळी, खरचटणं, डास चावल्याची खूण, ते पुसावं. जे कायमचं आहे, म्हणजे तीळ, व्रण, सुरकुत्या, ते राहू द्यावं. आणि कुणाचाही रंग उजळवायचा नाही, हे न विचारता सांगावं. बऱ्याच ठिकाणी ते न सांगता केलं जातं.

छापायचा आकारही आधी ठरवावा. १२ बाय १८ इंचांची प्रिंट इंचाला ३०० बिंदूंनी काढायची तर ३,६०० गुणिले ५,४००, म्हणजे सुमारे एक कोटी ९४ लाख बिंदू लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्याची एवढी मोठी प्रिंट फुटते. म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा पेन ड्राइव्हवर द्यावी. फ्रेम करताना काच आणि प्रिंट यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालून घ्यावा. आपल्या दमट पावसाळ्यात काचेला टेकलेली प्रिंट तिला चिकटते आणि सोडवताना चेहरे काचेवरच राहतात. फ्रेम थेट उन्हाच्या भिंतीवर नको.

शेवटचं काम नावं लिहिण्याचं. जुन्या कुलवृत्तांतांत आणि शाळांच्या स्मरणिकांत ग्रुप फोटोखाली एक ओळ ठरलेली असायची: ‘बसलेले (डावीकडून)’, ‘उभे (डावीकडून)’. त्या ओळीशिवाय पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो म्हणजे अनोळखी माणसांचा घोळका. नावाबरोबर नातं, गाव आणि तारीखही लिहावी. ‘बंड्या’ कोण, हे पुढच्या पिढीला कळणार नाही. प्रिंटच्या पाठीमागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहावं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. हीच ओळ फाइलच्या नावातही टाकावी आणि फाइल निदान तीन घरांत ठेवावी. हे काम पाहुणे पांगायच्या आत उरकायचं. कोण कुणाची चुलत नणंद, कुणाचं खरं नाव काय आणि कोण कुठल्या गावचं, हे सगळं तोंडपाठ असलेली माणसं त्या दिवशी घरात असतात आणि त्यांना या चौकशीचा कंटाळाही येत नाही.